घरभाडं युरोत, शिल्लक डॉलरमध्ये

हे प्रकरण एका संशोधिकेचं आहे. अमेरिकेतल्या विद्यापीठात शिक्षण आणि तिथेच काही वर्षं नोकरी करून त्या युरो चालणाऱ्या एका देशात नव्या कामावर रुजू झाल्या. निघताना अमेरिकेतल्या बँक खात्यात ६०,००० डॉलर होते. शिक्षणकर्जाचा हप्ता महिन्याला ६०० डॉलर, तो अजून चालू होता. पगार आता युरोत, घरभाडं युरोत, घर मांडायचा खर्चही युरोत.

चार महिन्यांनी मी त्यांना विचारलं, की तिकडचे पैसे इकडे आणताना किती गेले असतील? त्या म्हणाल्या, दोनशे-अडीचशे डॉलर. अंदाज बरोबरच होता, कारण स्टेटमेंटवर ‘फी’ असं लिहिलेल्या सगळ्या ओळींची बेरीज २४६ डॉलर येत होती. खरा आकडा निघाला ८४४ डॉलर. मधले जवळपास ६०० डॉलर गेले, पण फीच्या रूपात ते कुठेच दिसत नव्हते. या लेखात मुख्यतः त्या न दिसणाऱ्या पैशांचा माग काढला आहे.

ओळख पटू नये म्हणून रकमा थोड्या गोल केल्या आहेत. चार महिन्यांत डॉलर-युरोचा दर वरखाली होत होता. पण दराची हालचाल आणि मध्यस्थांचा वाटा एकमेकांत मिसळू नये म्हणून इथे सगळीकडे १ डॉलर म्हणजे ०.९० युरो हाच मधला दर धरला आहे. मधला दर म्हणजे बाजारातल्या खरेदी आणि विक्रीच्या भावांच्या मधोमध येणारा दर. इंटरनेटवर दर शोधला की साधारण हाच दिसतो. युरोपीय मध्यवर्ती बँक कामकाजाच्या दिवशी मध्य युरोपीय वेळेनुसार दुपारी चारच्या सुमारास आपले संदर्भ दर जाहीर करते, तेही पडताळणीला चालतात. कोणाचाही भाव तपासायचा तर आधी हा आकडा हाताशी हवा. तो नसेल तर पुढचा सगळा हिशोब अंधारात होतो.

एटीएमवर काय झालं

पहिल्या आठवड्यांत इकडचं खातं उघडलेलं नव्हतं, म्हणून त्या अमेरिकेतल्या डेबिट कार्डाने रोख काढत. असं सहा वेळा झालं, प्रत्येक वेळी ३०० युरो. मधल्या दराने ३०० युरोंचे ३३३.३३ डॉलर होतात. त्यांच्या खात्यातून प्रत्येक वेळी ३८०.७४ डॉलर गेले.

हे कसं झालं ते ओळीने पाहू. एटीएम बँकेचं नव्हतं, एका खासगी कंपनीचं होतं. त्याने वापराचे ४ युरो लावले आणि व्यवहार ३०४ युरोंचा झाला. मग पडद्यावर प्रश्न आला: रक्कम डॉलरमध्ये निश्चित करायची का? ‘ॲक्सेप्ट कन्व्हर्जन’चं बटण मोठं आणि रंगीत होतं, ‘डिक्लाइन कन्व्हर्जन’ कोपऱ्यात फिकट. खात्यातून नेमके किती डॉलर जातील ते लगेच कळेल, हे सुरक्षित, असं समजून त्यांनी होकार दिला. याला डायनॅमिक करन्सी कन्व्हर्जन म्हणतात. होकार दिला की दर ठरवायचा अधिकार एटीएमवाल्याकडे जातो. त्याने ८ टक्के चढवून दर लावला आणि ३०४ युरोंचे ३६४.८० डॉलर केले. शिवाय अमेरिकेतल्या बँकेने परदेशी व्यवहार म्हणून ३ टक्के, म्हणजे १०.९४ डॉलर, आणि दुसऱ्याचं एटीएम वापरल्याचे ५ डॉलर घेतले. रक्कम आधीच डॉलरमध्ये आली होती, तरीही ३ टक्के लागलेच. व्यवहार परदेशात झाला एवढं कारण पुष्कळ बँकांना पुरतं.

एकूण ४७.४१ डॉलर, म्हणजे १४ टक्क्यांहून जास्त. नुसतं ‘डिक्लाइन’ दाबलं असतं तर बाकी सगळं तसंच राहूनही ३५२.९१ डॉलरच गेले असते. एका बटणाचे जवळपास २८ डॉलर.

‘डिक्लाइन’ दाबलं तर व्यवहारच रद्द होईल, ही भीती पुष्कळांना असते, त्यांनाही होती. तसं होत नाही. व्यवहार स्थानिक चलनात पुढे जातो आणि दर व्हिसा किंवा मास्टरकार्डचा लागतो, जो मधल्या दराच्या बराच जवळ असतो. एखादं यंत्र नकार दिल्यावर खरंच पैसे देत नसेल, तर कार्ड परत घ्यावं आणि दुसरं एटीएम गाठावं. दुकानातल्या कार्ड मशीनवरही हाच प्रश्न येतो. तिथे कधीकधी विक्रेताच न विचारता बटण दाबून टाकतो, म्हणून पावतीवर कोणतं चलन छापलंय ते सही करण्याआधी पाहावं. एप्रिल २०२० पासून युरोपीय संघात असा नियम आहे, की असं चलन बदलून देणाऱ्याने आपला दर मध्यवर्ती बँकेच्या दरापेक्षा किती टक्के जास्त आहे ते दाखवलं पाहिजे. मात्र तो संघातल्या चलनांच्या व्यवहारांसाठी लिहिलेला आहे. डॉलरच्या कार्डाला तो आधार मिळेलच असं धरू नये.

क्रेडिट कार्डाचं थोडक्यात सांगतो. फर्निचर आणि घरसामान मिळून ४,५०० युरो त्यांनी कार्डावर भरले, त्यावर ३ टक्के, म्हणजे १५० डॉलर. ही ओळ निदान स्पष्ट लिहिलेली होती.

‘शून्य शुल्क’ असलेली वायर

घराची अनामत आणि सुरुवातीचे मोठे खर्च यासाठी त्यांनी १०,००० डॉलर वायरने, म्हणजे एका बँकेतून दुसऱ्या बँकेत, पाठवले. बँकेच्या संकेतस्थळावर दोन पर्याय होते. डॉलरमध्ये पाठवलं तर शुल्क ४५ डॉलर, युरोत रूपांतर करून पाठवलं तर शुल्क शून्य. कोणीही दुसराच निवडेल, त्यांनीही तोच निवडला.

इकडच्या खात्यात ८,६८५ युरो आले. बँकेने लावलेला दर होता ०.८७, त्याने ८,७०० झाले. त्यातून इकडच्या बँकेने परदेशातून पैसे स्वीकारल्याचे १५ युरो कापले. मधल्या दराने ९,००० यायला हवे होते. ३१५ युरो, म्हणजे ३५० डॉलर कमी आले. त्यातले ३०० युरो फक्त दरात गेले आणि ते ‘शुल्क’ या रकान्यात येतच नाहीत.

आता ४५ डॉलरचा पर्याय पाहू. पैसे ज्या मधल्या बँकेतून जातात तिने वाटेत आणखी २० डॉलर कापले आणि इकडच्या बँकेने रूपांतराला दीड टक्का आणि स्वीकारल्याचे १५ युरो घेतले असं धरलं, तरी ८,७९२ युरो पोचले असते. दोन-तीन ठिकाणी शुल्क दिसणारा पर्याय फुकट म्हणवणाऱ्या पर्यायापेक्षा १०७ युरोंनी स्वस्त पडला असता.

माझ्या मते या प्रकरणातली सगळ्यात अन्यायाची गोष्ट हीच. डॉलर-युरो ही जगात सर्वाधिक उलाढाल होणारी चलनजोडी आहे. बँक फॉर इंटरनॅशनल सेटलमेंट्स, म्हणजे मध्यवर्ती बँकांची बँक, हिच्या मोजणीप्रमाणे एप्रिल २०२५ मध्ये जगभरात चलनांची रोजची उलाढाल ९.६ लाख कोटी डॉलर होती. एवढ्या वाहत्या बाजारात बँकांना आपापसात रूपांतर करायला पडणारा खर्च नगण्य असतो. ग्राहकाकडून घेतलेले तीन-साडेतीन टक्के त्या खर्चापोटी नसतात. तो बँकेचा नफा आहे, आणि ग्राहक विचारत नाही म्हणून तो टिकून आहे. जी-२० देशांनी २०२७ अखेरीस किरकोळ परदेशी व्यवहारांचा सरासरी खर्च एक टक्क्यावर आणायचं उद्दिष्ट ठेवलंय, त्यावरूनच आजची स्थिती लक्षात येते.

ग्राहकाच्या हातात एक गोष्ट मात्र आहे. अमेरिकेत २०१३ पासून असा नियम आहे, की तिथल्या वैयक्तिक खात्यातून परदेशी पैसे पाठवताना बँकेने आधी दर, शुल्क आणि पलीकडे पोचणारी रक्कम दाखवली पाहिजे, आणि पैसे भरल्यावर सर्वसाधारणपणे अर्ध्या तासाच्या आत व्यवहार रद्द करता आला पाहिजे. या बाईंनी ती पावती जपून ठेवली होती. त्यात ०.८७ हा दर छापलेला होता, फक्त शेजारी ०.९० लिहिलेलं नव्हतं. तपासणी एका ओळीत होते: पोचलेले ८,६८५ युरो भागिले गेलेले १०,००० डॉलर, म्हणजे ०.८६८५. त्याला ०.९० ने भागा, ०.९६५ येतं. म्हणजे साडेतीन टक्के गेले. शुल्क किती, सवलत किती, पहिली वायर मोफत का, हे काहीही विचारात घ्यायची गरज नाही. किती निघाले आणि किती पोचले, एवढंच धरायचं.

उलट्या दिशेने जाणारे ६०० डॉलर

स्टेटमेंट चाळताना एक नोंद मला आधी समजलीच नाही. दर महिन्याला इकडच्या युरो खात्यातून त्यांच्याच अमेरिकेतल्या खात्यात पैसे जात होते. विचारल्यावर कळलं की ते कर्जाच्या हप्त्यासाठी होते. “हप्ता पगारातून द्यायचा, शिल्लक मोडायची नाही,” असा त्यांचा वर्षानुवर्षांचा नियम होता.

नियम चांगला आहे, पण तो एकाच चलनात राहणाऱ्याला लागू पडतो. इथे युरोचे डॉलर करून तिकडे पाठवले जात होते, आणि त्याच खात्यातले डॉलर युरो करून इकडे आणले जात होते. जाताना बँक अडीच टक्के घेत होती, येताना तीनपासून चौदा टक्क्यांपर्यंत जात होते. चार हप्त्यांवर ६० डॉलर गेले. रक्कम लहान वाटते, पण या व्यवहारातून कोणालाच काही मिळत नव्हतं. हप्ता तिकडच्या डॉलरमधून भरून तेवढेच युरो पगारातून इथे शिल्लक ठेवले असते, तर एकूण पुंजी तीच राहिली असती आणि रूपांतर दोन्ही बाजूंनी टळलं असतं.

ट्रान्सफरवाइज, म्हणजे आजची वाइज, ही परदेशात पैसे पाठवणारी कंपनी २०११ मध्ये लंडनमध्ये सुरू झाली तीही याच जाणिवेतून. तावेत हिन्रिकुस आणि क्रिस्तो केरमान हे दोघे एस्टोनियाचे. हिन्रिकुस लंडनमध्ये राहत, पण पगार युरोत मिळे. केरमानना पगार पौंडांत मिळे, पण एस्टोनियातल्या घराचं कर्ज फेडायला युरो लागत. मग एकाने दुसऱ्याच्या युरो खात्यात युरो भरायचे, दुसऱ्याने पहिल्याच्या पौंड खात्यात पौंड. दर मधला आणि बँक मध्ये नाही. या प्रकरणात त्या दोन्ही भूमिकांत एकच बाई होती, त्यांना तर दुसरा माणूस शोधायचीही गरज नव्हती.

म्हणून बदल इथून सुरू केला. हप्त्याचा ऑटोपे डॉलर खात्यावर लावला. अमेरिकेतल्या व्यावसायिक संघटनेची वर्गणी, परिषदांचं नोंदणी शुल्क, डॉलरमध्ये भाव सांगणारी सॉफ्टवेअरची वर्गणी, सगळं तिकडच्या खात्यावर टाकलं. भाडं, वीज, किराणा पगारातून. परदेशात पैसे असलेल्या कोणालाही मी आधी हेच विचारतो: तुमचा कोणता खर्च त्याच चलनात आहे? तो सापडला की तेवढ्या रकमेपुरता स्वस्त मार्गाचा शोधच संपतो.

यातूनच दुसरा प्रश्न निघाला. कर्जाचे ३६ हप्ते बाकी होते, म्हणजे २१,६०० डॉलर. उरलेलं मुद्दल १९,५०० होतं. डॉलर खात्यावर मिळणारं व्याज कर्जाच्या व्याजापेक्षा बरंच कमी होतं. अमेरिकेत शिक्षणकर्ज मुदतीआधी फेडल्याबद्दल दंड घेता येत नाही. मग तिकडचेच डॉलर वापरून ते एकदम फेडलं तर? रूपांतर शून्य आणि व्याजाचे साधारण २,१०० डॉलर वाचणार. फी वाचवायला बसलेल्या माणसाला फीपेक्षा मोठी बचत अशी शेजारीच सापडते. पगार स्थिर होता, अडीअडचणीपुरते युरो बाजूला होते, म्हणून त्यांनी ते केलं. हाताशी दुसरी गंगाजळी नसती तर मी त्यांना थांबायला सांगितलं असतं.

उरलेली मोठी रक्कम

एटीएमचे व्यवहार, कार्ड आणि वायर वजा जाता खात्यात साधारण ४२,५०० डॉलर राहिले होते. कर्ज फेडून २३,००० उरले. त्यातले २०,००० त्यांना घर घेताना भरायच्या रकमेसाठी युरोत हवेच होते.

तीन मार्ग तपासले. जुन्या बँकेच्या दराने वायर केली असती तर सुमारे ६६७ डॉलर गेले असते. पैसे पाठवणारी विशेष कंपनी अर्धा टक्का घेत होती आणि दर मधला देत होती, म्हणजे १०० डॉलर. तिसरा मार्ग ब्रोकरेज खात्याचा, म्हणजे शेअर खरेदी-विक्रीच्या खात्याचा. इंटरॲक्टिव्ह ब्रोकर्ससारख्या ठिकाणी चलन बदलायचं कमिशन दोन-चार डॉलरांतच राहतं. पण निव्वळ चलन बदलायला तिथे खातं काढणं त्या कंपन्यांना मान्य नसतं, आणि देश बदललेल्या ग्राहकाची कागदपत्रं पूर्ण होईपर्यंत वेळ जातो. एका व्यवहारातल्या ९५ डॉलरांसाठी त्या वाटेला जाऊ नये, हे माझं मत त्यांनाही पटलं. दरवर्षी अशा रकमा हलवायच्या असत्या तर उत्तर वेगळं असतं.

विशेष कंपनीच्या मार्गात पैसा खरं तर सीमा ओलांडत नाही. अमेरिकेतल्या खात्यातून कंपनीच्या अमेरिकेतल्याच खात्यात एसीएच या तिथल्या देशांतर्गत बँक-हस्तांतराच्या व्यवस्थेने डॉलर जातात, आणि कंपनीच्या युरोपातल्या खात्यातून सेपा या युरो-हस्तांतराच्या व्यवस्थेने युरो येतात. त्यामुळे वाटेतली मधली बँक आणि तिची कपात उरत नाही. इथे दोन गोष्टी सांभाळाव्या लागतात. कंपनीला पैसे वायरने दिले तर बँक देशांतर्गत वायरचंही शुल्क घेते. एसीएच हळू असतं, पण स्वस्त. आणि नाव. ऑक्टोबर २०२५ पासून युरो क्षेत्रातल्या बँकांना पैसे पाठवण्याआधी खातेदाराचं नाव जुळतं का ते दाखवावं लागतं. त्यांचं मधलं नाव अमेरिकेच्या खात्यात पूर्ण होतं आणि इकडे नुसतं आद्याक्षर. आधी १०० डॉलर पाठवून पाहिले तेव्हाच हे लक्षात आलं आणि मोठी रक्कम अडकली नाही.

ते पैसे कंपनीच्या खात्यात साठवून ठेवले नाहीत. अमेरिकेत बँकेतल्या ठेवीला प्रत्येक बँकेत २,५०,००० डॉलरपर्यंत विमा असतो, युरोपीय संघात १,००,००० युरोपर्यंत हमी असते. पैसे पाठवणाऱ्या कंपनीने ग्राहकांचे पैसे वेगळे ठेवायचे असतात, पण तो ठेवीचा विमा नव्हे. आले की बँकेत हलवावेत.

दर आणखी चढेल म्हणून थांबावं का, हा प्रश्न त्यांनी दोनदा विचारला. घराची तारीख ठरलेली होती. ज्या पैशांची तारीख ठरलेली आहे त्यावर दराचा अंदाज खेळू नये, असं मला ठामपणे वाटतं. साडेतीन टक्के वाचवणं आपल्या हातात असतं, दर कुठे जाईल ते कोणाच्याच हातात नसतं.

खात्यापर्यंत पोचणं

हे सगळं होण्याआधी एक आठवडा वाया गेला. अमेरिकेचा मोबाइल नंबर त्यांनी निघताना बंद केला होता आणि बँकेचा ओटीपी त्याच नंबरवर जात होता. परदेशी नंबर बँक घेत नव्हती, इंटरनेटवरचे नंबरही नाही. शेवटी ओळख पटवायला फोनवर बराच काळ घालवावा लागला. पैसे परदेशात ठेवून निघणाऱ्याने नंबर एखाद्या स्वस्त प्लॅनवर चालू ठेवावा आणि बँक देत असेल तर ओटीपीऐवजी ॲपवरून खात्री करायची सोय निघण्याआधीच लावून घ्यावी. तिथे असताना दहा मिनिटांचं असलेलं हे काम परदेशातून करताना फार लांबतं.

पत्त्याचंही तसंच. काही बँका परदेशी पत्ता दिसला की खातं बंद करतात, म्हणून लोक मित्राचा पत्ता स्वतःचा म्हणून देतात. ते खोटं निवेदन ठरतं, ते करू नये. परदेशी रहिवासी चालतात अशी बँक आधी शोधावी. या बाई अमेरिकेच्या नागरिक नव्हत्या. करासाठी तिथल्या अनिवासी झाल्यावर त्यांनी बँकेकडे तसं कळवणारा डब्ल्यू-८बेन अर्ज दिला. तशा खातेदाराला तिथल्या बँक ठेवीच्या व्याजावर सहसा अमेरिकेचा कर लागत नाही. राहत्या देशात मात्र ते व्याज दाखवावं लागतं.

रोख आणि कार्डासाठी त्यांनी परदेशी व्यवहाराचं शुल्क न घेणारं डेबिट कार्ड घेतलं आणि एटीएम फक्त बँकेचंच वापरायचं ठरवलं. ३०० युरोंना आता ३३३-३३४ डॉलर जातात. २०,००० डॉलरचे १७,९१० युरो चौथ्या दिवशी जमा झाले. तिकडे उरलेले ३,००० डॉलर त्यांनी तसेच ठेवले आहेत. संघटनेची वर्गणी, वर्षातल्या एका परिषदेचं शुल्क आणि तिथल्या मुक्कामाचा खर्च त्यातूनच जातो, डॉलरचे डॉलर.